किरकोळ म्हणजे काय ते लिहा

आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, आयुष्यभर नोटा छापल्या, अगदी खरोखरच्या. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसला होते ते, १९२८ पासून जिथे नोटा छापल्या जातात तिथे, आणि आम्ही राहायचो नेहरूनगरला प्रेस क्वार्टरमध्ये. गावाकडून कोणी पाहुणे आले की एकदा तरी म्हणायचेच, तुम्हाला काय बाबा, नोटांच्या कारखान्यात आहात. आणि संध्याकाळी तेच दादा कामावरून येऊन, हातपाय धुऊन, जेवणाच्या आधी ती लांबट लाल पुठ्ठ्याची वही घेऊन बसायचे आणि दिवसभरात कुठे किती गेले ते लिहायचे. दिवसभर न मोजता येतील इतक्या नोटा डोळ्यासमोरून गेलेला माणूस घरी येऊन सात रुपयांचा हिशोब लागेना म्हणून डोकं धरून बसलाय, हे चित्र माझ्या डोळ्यासमोरून कधी गेलंच नाही.

हिशोब नाही लागला की दादा शेवटी लिहायचे, किरकोळ, ७ रु. आणि आई स्वयंपाकघरातून विचारायची, किती आलं आज किरकोळ? आईला तो शब्द अजिबात चालायचा नाही. "किरकोळ म्हणजे काय ते लिहा." दादा म्हणायचे अगं चहा असेल, दोघा-तिघांना पाजला. "मग चहा लिहा ना." बस, एवढंच. भांडण नाही, चहा का पाजला असंही नाही. फक्त त्याला नाव द्या. मला तेव्हा वाटायचं की आई चिकट आहे, आणि हे वाटणं माझ्या मनात चांगलं पंचवीस-तीस वर्षं बसून होतं, हे आज लिहिताना वाईट वाटतं.

पगार झाला की दुसरा कार्यक्रम असायचा पाकिटांचा. घरात आलेल्या लग्नपत्रिकांची पाकिटं आई टाकायची नाही, त्यावर पेनाने लिहायची. वाणी, दूध, शाळा, गाव (म्हणजे आजी-आजोबांना पाठवायचे ते), दवाखाना. आणि एक पाकीट असायचं ज्यावर काहीच लिहिलेलं नसायचं. त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

मी नोकरीला लागलो अंबडला एमआयडीसीत, लग्न झालं, सिडकोत टूबीएचके घेतला कर्ज काढून, मुलगी झाली. वही वगैरे काही नाही. मला कोणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की आम्ही उधळे नाही, आणि तसे आम्ही नव्हतोच, दारू नाही सिगरेट नाही, वर्षातून एखादी कोकणातली ट्रिप, कपडे दिवाळीला. तरी महिन्याच्या २२-२३ तारखेपासून बायकोचं आणि माझं एकमेकांशी बोलणं कमी व्हायचं. कारण बोललं की विषय पैशाकडेच जायचा, आणि गेला की तुझ्यामुळे का माझ्यामुळे. ज्यांच्या घरात हे होतं त्यांना सांगायला नको आणि ज्यांच्या होत नाही त्यांना कळणार नाही.

मग मार्च २०२० आलं. कंपनी बंद. एप्रिल, मे, जून तीन महिने अर्धा पगार. तेव्हा हातात येणारा पगार ३८ हजार होता, त्याचे झाले १९, आणि घराचा हप्ता १४,२००. पहिल्या रात्री मी मोबाईलवर खात्यातली शिल्लक बघितली, ११,३०० रुपये. चौदा वर्षं नोकरी करून. दादा जाऊन सहा वर्षं झाली होती, आई तेव्हापासून आमच्याकडेच, शेजारच्या खोलीत झोपलेली, आणि मला पहिल्यांदा वाटलं की बरंय दादा हे बघायला नाहीत.

हप्ते पुढे ढकलायची सवलत रिझर्व्ह बँकेने त्यावेळी दिली होती, आधी तीन महिने मग अजून तीन. आम्ही घेतली, दुसरा इलाजच नव्हता. पण एक गोष्ट मला नंतर कळली आणि ती सगळ्यांना माहीत असावी म्हणून सांगतो, हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. न भरलेल्या महिन्यांचं व्याज मुद्दलात जाऊन बसलं आणि आमचं कर्ज लांबलं.

घरात बसून काम काहीच नव्हतं म्हणून एक दिवस जानेवारी-फेब्रुवारीचं बँकेचं स्टेटमेंट काढलं. लॉकडाऊनच्या आधीचे साधे दोन महिने. त्यातल्या फेब्रुवारीत दोनशे रुपयांच्या आतले व्यवहार मी पेन घेऊन मोजले, ९१ निघाले. स्कॅन करून दिलेले, वीस, पस्तीस, ऐंशी, एकशे दहा. बेरीज ६,८४० रुपये. मी तीनदा केली बेरीज. ६,८४० म्हणजे पगाराचा जवळजवळ पाचवा हिस्सा, आणि त्या ९१ पैकी ऐंशी तरी कशाचे होते ते मला आठवेना, बायकोलाही आठवेना. आई बाजूला लसूण सोलत बसली होती, तिला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "म्हणजे किरकोळ."

हातातली शंभरची नोट मोडताना पूर्वी जरा थांबायला व्हायचं, मोडू का नको. आता मोडायचं काही राहिलंच नाही, फोन पुढे केला की गेले. मी यूपीआयच्या विरोधात नाही, उलट आज माझा अर्धा हिशोब त्या स्टेटमेंटमुळेच लागतो. पण खर्च करताना जो एक क्षण थांबायचा असतो तो फोन देत नाही, तो आपल्याला दुसरीकडून आणावा लागतो. माझ्यासाठी तो वहीतून आला. आधी ॲप टाकून बघितलं, दोन महिने चाललं. ॲपमध्ये खर्चाचे प्रकार आधीच तयार असतात आणि त्यातला एक असतो इतर, आणि सगळं हळूहळू इतरमध्ये जायला लागलं. म्हणजे परत तेच. मग दोनशे पानी वही आणली आणि आईचा नियम लावला, किरकोळ हा शब्द लिहायचा नाही. चहा तर चहा, वडापाव तर वडापाव, मुलीचं स्टिकर तर स्टिकर.

गंमत अशी की खर्चाला नाव द्यायला लागलं की त्यातले निम्मे आपोआप गळतात, आणि उरलेले हक्काचे होतात. रविवारची मिसळ घ्या. नाशिकमध्ये राहून रविवारी सकाळी मिसळ नाही म्हणजे काय, ती झणझणीत रश्शाची मिसळ, पापड, दही, नंतर जिलबी. पूर्वी आम्ही जायचो तेव्हा दर वेळी परत येताना माझ्या डोक्यात टोचणी, तीनशे गेले. आता वहीत मिसळ असं स्वतंत्र नाव आहे, महिन्यातून दोन रविवार, आणि त्या दोन रविवारी मी एक्स्ट्रा पाव मागताना कसलाही विचार करत नाही.

किरकोळचा बंदोबस्त झाला तरी वर्षभर बजेट टिकेना. तीन महिने नीट जायचे आणि चौथ्या महिन्यात सगळं कोसळायचं. जूनमध्ये शाळेची फी. मग दोन महिने बरं, मग इन्शुरन्स. मग दिवाळी. मग डिसेंबरपासून लग्नं, पाकिटं, आहेर. आणि दर वेळी आम्ही दोघं एकमेकांना एकच वाक्य सांगायचो, अगं एकदाच तर आहे वर्षातून. खरंच होतं ते, प्रत्येक गोष्ट एकदाच होती. पण अशा एकदाच गोष्टी वर्षात बारा-पंधरा होत्या.

मग एका रविवारी दोघांनी बसून या सगळ्या "एकदाच"वाल्या गोष्टी लिहून काढल्या. शाळेची फी ४२ हजार, मेडिक्लेम साडेएकोणीस, टर्म इन्शुरन्स साडेचौदा, दिवाळी पंधरा, आहेर आठ, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग पाच, घरपट्टी चार. बेरीज १,०८,०००. भागिले बारा, ९,०००. म्हणजे आमचा पगार जो आम्ही समजत होतो तो नव्हताच, त्यातले नऊ हजार आधीच कुणाचे तरी होते आणि ते आम्ही दर महिन्याला खाऊन टाकत होतो. हे कळलं त्या दिवशी मला कसंतरी झालं, पण बायकोच्या चेहऱ्यावर मी सुटका बघितली. ती म्हणाली, "अहो म्हणजे आपण वाईट नाही वागत, आपण चुकीच्या आकड्यावर संसार करत होतो."

तेव्हापासून पगाराच्या दिवशी नऊ हजार दुसऱ्या खात्यात जातात, त्या खात्याचं एटीएम कार्ड मुद्दाम घेतलेलं नाही, यूपीआय जोडलेलं नाही. सुरुवातीला नऊ जमेनात, तीन जमले, मग पाच. पूर्ण नऊ जमायला दीड वर्ष लागलं, तेही पगार पूर्ववत झाला आणि नंतर वाढला म्हणून. हे मुद्दाम सांगतोय, कारण नुसत्या काटकसरीने सगळं होतं असं मला म्हणायचं नाही. ज्याचा पगारच बारा-पंधरा हजार आहे, आणि आमच्या कंपनीत कंत्राटी पोरं तेवढ्यावर आहेत, त्याला वही घेऊन बस म्हणून सांगणारा मी कोण. तो माझ्यापेक्षा जास्त हिशोबी आहे, त्याला एकेक रुपयाचं नाव माहीत आहे.

लाईट बिल आणि गॅसचं थोडक्यात सांगतो. शंभर युनिटच्या पुढे गेलं की पुढच्या युनिटचा दर जवळजवळ दुप्पट होतो, म्हणून आम्ही दर रविवारी मीटर बघतो, उन्हाळा सोडला तर शंभरच्या आत राहायचा प्रयत्न असतो, जमतं कधी कधी. सिलेंडर लावला की वहीत तारीख. १४.२ किलोचा सिलेंडर आमच्याकडे ३३-३४ दिवस जायचा, डाळ-तांदूळ अर्धा तास आधी भिजवायला लागलो, कुकर एकदाच लावायचा आणि शिट्टीनंतर गॅस बारीक, तर आता चाळीसवर जातो. हे सगळं आई आधीपासून करत होती, आम्ही लक्ष दिलं नव्हतं.

खरी मजा, आणि खरा त्रासही, धान्य-कांद्यात आहे. नाशिकला राहायचा हा एक फायदा आहे की सगळं आसपास पिकतं. आम्ही एप्रिल-मेमध्ये वर्षाचे गहू भरतो, गच्चीवर ऊन दाखवून, कोठीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून. तांदूळ इगतपुरी-घोटीकडचा इंद्रायणी. भाजीला पवननगर, आणि कधी बुधवारी सुट्टी असली तर गंगेवरचा, म्हणजे गोदावरीकाठचा, बाजार. आणि कांदा. कांद्याचं बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो, लाल कांदा टिकत नाही, पंधरा-वीस दिवसांत मऊ पडतो. साठवायचा तो उन्हाळ कांदा, जो मार्च ते मे निघतो. तो नीट वाळलेला, मानेला घट्ट असलेला घेतला आणि हवेशीर पसरून ठेवला, बटाट्यांपासून लांब, तर दिवाळीच्या आसपासपर्यंत जातो. पावसाळा संपताना भाव चढतात तेव्हा आपल्या गॅलरीत कांदा असतो. पन्नास किलोची गोणी आणली तर चार-पाच किलो सडतो, तेवढं धरूनच चालायचं आणि आठवड्याला एकदा हात फिरवून खराब झालेला काढायचा. हे काम आईचं, ती कोणाला करू देत नाही.

पण ही गोणी येते माझ्या मामाकडून, चांदवड तालुक्यातून, आणि इथे माझी वही मला शांत बसू देत नाही. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कांद्याचे भाव इतके पडले की लासलगावला शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले, सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं. त्या महिन्यात माझ्या वहीत भाजीचा खर्च वर्षातला सगळ्यात कमी होता. मी खुशीत होतो, बायकोला दाखवत होतो, बघ या महिन्यात सहाशे वाचले, आणि त्याच संध्याकाळी मामाचा फोन आला, गाडीभाडंही निघालं नाही म्हणत होता. पुढे जुलैत टोमॅटो शंभरच्या वर गेले तेव्हा अख्खा देश बोलत होता, आणि ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी. का, तर शहरातल्या माणसाचं बजेट कोलमडू नये. म्हणजे माझं. माझ्या वहीतला कांदा स्वस्त राहावा म्हणून मामाचा कांदा साठवणीच्या चाळीत अडकला.

याचं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणजे देशाच्या पातळीवर नाही. घरापुरते दोन नियम केलेत. एक, पालेभाजीच्या टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायकांशी घासाघीस करायची नाही, सांगितला तो भाव द्यायचा, परवडत नसेल तर त्या दिवशी ती भाजी घ्यायची नाही. कोथिंबिरीची जुडी काही वेळा नाशिकमध्ये इतकी मातीमोल होते की ती दोन रुपयाला देणाऱ्या बाईकडून वर दोन मिरच्या फुकट मागायला माणसाचा हात धजावू नये. काटकसर मी माझ्या पोटाची करू शकतो, तिच्या मजुरीतून नाही. आणि दोन, मामाकडच्या गोणीचे पैसे द्यायचे. मामा दर वर्षी भांडतो, भाच्याकडून पैसे घेतात का म्हणे. आई त्याची मोठी बहीण, तिने एकदा फोन घेऊन सुनावलं, "त्याला वहीत लिहायचंय, फुकट कसं लिहील तो?" तेव्हापासून घेतो, पण भाव कमी सांगतो.

आता ते न लिहिलेलं पाकीट. वही सुरू करून साधारण वर्ष झालं असेल, घरात एक वेगळाच ताण यायला लागला होता. हिशोब लागत होता पण बायको एकदा म्हणाली, मला मैत्रिणीबरोबर कॉलेज रोडला कॉफी प्यायला जायचं होतं, मी गेले नाही, घरी येऊन लिहावं लागेल म्हणून. मला ते लागलं. मी तिला कधी एका शब्दाने विचारलं नव्हतं, पण वहीच विचारत होती. मुलगी पण काही मागेनाशी झाली होती, आणि आपलं पोर मागत नाही याचा मला काही दिवस चक्क अभिमान वाटत होता. वाटायला नको होता.

त्या दिवशी आईला मी विचारलं की ते कोऱ्या पाकिटातले पैसे कशाला असायचे. ती म्हणाली, "माझे होते. दादा सगळ्यात आधी त्यात घालायचे, पन्नास रुपये, मग बाकीची पाकिटं." म्हटलं वहीत कसे लिहायचे ते? तर म्हणाली फक्त ५० लिहायचे, पुढे काही नाही. म्हणजे चहाच्या सात रुपयांना नाव द्या म्हणणाऱ्या माझ्या आईच्या घरात दर महिन्याला एक आकडा बिननावाचा होता, आणि तो दादांनीच, एवढ्या काटेकोर माणसाने, स्वतःच्या हाताने ठेवलेला. मी विचारलं, काय करायचीस गं त्या पैशाचं? आई छान हसली आणि म्हणाली, "ते तुझ्या बापाने नाही विचारलं कधी, तू कशाला विचारतो."

पुढच्या एक तारखेपासून आमच्या वहीत पगाराखाली पहिल्या तीन ओळी आहेत. बायको ६००, मी ६००, मुलगी ३००. त्यांच्यापुढे काही लिहायचं नाही, कोणी विचारायचं नाही. आईला पण देऊ केले तर तिने दोनशे घेतले. त्यानंतर आजपर्यंत वही एकाही महिन्यात अर्धवट सुटलेली नाही, पाच वर्षं होत आली. आणि २३ तारखेनंतर आम्ही घरात बोलतो.

काल रात्री जेवण झाल्यावर वही घेऊन बसलो होतो. हातातला पगार आता ५२ हजार, हप्ता तोच १४,२००. दुसऱ्या खात्यातले नऊ आता पुरत नाहीत, मुलगी यंदा दहावीला जातेय, क्लासची फी धरली तर अकरा लागतील, ते कुठून काढायचे यावर अर्धा तास गेला, गॅलरीतल्या जाळीचं काम पुढे ढकललं. तेवढ्यात मामाचा फोन, कांदा काढून झालाय, वाळत घातलाय, शनिवारी दूधगाडीबरोबर गोणी पाठवतो म्हणाला. आई इकडून ओरडली की मान नीट वाळली का बघ. मी वहीत पुढच्या महिन्याच्या पानावर लिहिलं, कांदे, ५० किलो. भाव विचारला तर मामाने बघू रे म्हणून फोन ठेवला, म्हणून समोरची जागा तशीच सोडलीय. लासलगावचा भाव बघून भरीन.